जुन्या जीपची दुसरी पेटी : ट्रान्स्फर केस कशी निवडावी

आमच्या मामांच्या जीपला दोन गिअरबॉक्स आहेत, असे मी प्राथमिक शाळेत असताना वर्गात सांगितले होते. मित्रांनी पुढचे कित्येक दिवस माझी थट्टा केली. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आलो तेव्हा कळले की मी खोटे बोललो नव्हतो. मुख्य गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून बसवलेली जी दुसरी बिडाची पेटी, तीच ट्रान्स्फर केस. ती दोन कामे करते. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही वाटून देणे हे पहिले. चालकाने मागितल्यास गाडीचा वेग आणखी एक पायरी उतरवून तेवढाच पीळ वाढवणे हे दुसरे. याला चालक लोक ‘लो’ म्हणतात. पहिले काम सर्वांच्या लक्षात राहते, दुसरे बहुतेक विसरतात. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या कामाविषयी आहे. कारण ते विसरल्यामुळे १९८१ साली आमच्या घरच्या एका गड्याचा पाय मोडला.

मामांचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. जीप सीजे-३बी जातीची, पेट्रोलची, आपल्याच देशात तयार झालेली. मामा तिला मागे ट्रेलर जोडून चिरे आणीत. खाणीपासून गावापर्यंत अर्ध्या मैलाचा उतार आणि पावसाळ्यात त्यावर लोण्यासारखा तांबडा चिखल. मामांची रीत ठरलेली होती. खाणीच्या तोंडाशी गाडी थांबवायची, दोन्ही आखूड लिव्हर ओढून चारही चाके आणि ‘लो’ लावायचे, मुख्य गिअर पहिला ठेवायचा आणि खाली येईपर्यंत ब्रेकला पाय लावायचा नाही. इंजिनच गाडीला धरून ठेवी. मी पुढे चालत जात असे आणि जीप माझ्या मागून यायची.

त्या वर्षी ट्रान्स्फर केसमधून आवाज येऊ लागला. उघडल्यावर मधल्या गिअरचे दोन दाते तुटलेले निघाले. शहरातल्या एका गॅरेजने भंगारातून दुसरी पूर्ण पेटी आणून बसवली. “अस्सल मिलिटरीचा माल आहे, आता नातवंडांपर्यंत बघायला नको,” असे वर सांगितले. पेटी जुन्याच्या जागी बरोबर बसली. रस्त्यावर गाडी पूर्वीसारखीच पळू लागली. मामा खूश झाले.

आठवड्याभराने चिऱ्यांची पहिली खेप निघाली. उतारावर नेहमीप्रमाणे सारे लिव्हर लावले. पण गाडी नेहमीपेक्षा जोरात निघाली. मामांनी सवयीविरुद्ध ब्रेक दाबला, चिखलात चाके जागच्या जागी घसरली, मागून भरलेल्या ट्रेलरने ढकलले आणि जीप आडवी होऊन बांधावर चढली. ट्रेलरवर बसलेला गडी खाली पडला. त्याचा पाय पुढे तीन महिने प्लॅस्टरमध्ये होता.

सर्वांनी ब्रेकला, पावसाला आणि मामांच्या वयाला दोष दिला. खरे कारण शोधले ते गावाजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींनी. त्यांची मातृभाषा कन्नड, मराठी कामापुरते. त्यांनी ती पेटी गाडीतून उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, शक्ती आत येते त्या गिअरवर आणि मागच्या फ्लँजवर खडूने एकेक रेघ मारली, पेटी ‘लो’मध्ये घातली आणि मला हाताने आतला गिअर फिरवायला सांगितला. ते स्वतः “ओंदु, एरडु, मूरु” करीत मोजत बसले. फ्लँजचे दहा फेरे पुरे झाले तेव्हा माझे वीसलाही किंचित कमी भरले होते. मग त्यांनी मामांची जुनी पेटी पुढे ओढली. तिचा मधला गिअर तुटका असल्यामुळे तो फिरवण्याऐवजी तिचे दाते मोजले आणि मला भागाकार करायला लावले. दहा फेऱ्यांना साडेचोवीसच्या जवळपास पडले असते. मिस्त्री एवढेच म्हणाले, “बाहेरून बहिणी, आतून वेगळ्या.”

विद्यार्थ्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. जुनी पेटी विकत घेताना विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा आणि बिडावर ओतलेल्या आकड्यापेक्षा खडू अधिक खरे बोलतो.

आता त्या दोन बहिणींची ओळख करून देतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी १९४१ ते १९४५ या काळात विलीज एमबी ही जीप तयार झाली. तिच्यात स्पायसर कंपनीची ‘मॉडेल १८’ ही ट्रान्स्फर केस होती आणि तिचे ‘लो’ गुणोत्तर १.९७ होते. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांसाठी सीजे मालिका निघाली. तिच्यातही मॉडेल १८च ठेवली. पण गुणोत्तर २.४३ केले आणि पुढे ते २.४६ झाले. हीच पेटी विलीजच्या मोठ्या चारचाकी-चालनाच्या मालट्रकांतही वापरली गेली. सैन्याच्या जीपला माणसे घेऊन पळायचे होते. शेतावरच्या जीपला नांगर ओढायचा, उतारावरून ओझे उतरवायचे होते. गुणोत्तर बदलण्यामागे एवढाच साधा विचार असावा असे मला वाटते. ‘हाय’मध्ये दोन्ही पेट्या एकास एक, म्हणून डांबरी रस्त्यावर फरक समजण्याचा प्रश्नच नव्हता.

फरक किती पडला हे हिशोबाने पाहू. गाडीचे एकूण उतरण-गुणोत्तर म्हणजे मुख्य गिअरबॉक्सचा पहिला गिअर, ट्रान्स्फर केसचे ‘लो’ आणि क्राऊन-पिनियन या तिन्हींचा गुणाकार. मामांच्या जीपला टी-९० गिअरबॉक्स होता, त्याचा पहिला गिअर २.८. क्राऊनचे दाते ४३ आणि पिनियनचे ८, म्हणजे ५.३८. मूळ पेटी धरून गुणाकार येतो ३६.६, नव्या पेटीने तो २९.६ वर आला. चाकाचा एक फेरा सुमारे २.२ मीटरचा धरला तर इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असताना मूळ जीप ताशी ३.६ किलोमीटर चालेल, दुसरी जवळजवळ ४.५. पहिली रेंगाळत चालणाऱ्या मुलाची गती, दुसरी बाजाराला निघालेल्या माणसाची. उतारावर इंजिन गाडीला मागे ओढते तो पीळही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे एकोणीस टक्क्यांनी कमी झाला. एवढ्यानेच अपघात झाला असे मी म्हणणार नाही. चिखल होता, ट्रेलर जादा भरला होता. पण मामांच्या पायाची सवय ३६.६ या आकड्यावर घडलेली होती, आणि तो आकडा त्यांच्या नकळत बदलला होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘लो’ म्हणजे जोर, अशी सर्वांची समजूत असते. आपण पुन्हा मामांच्या जीपकडे वळू. तिच्या हरिकेन इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ सुमारे १५.८ किलोग्रॅम-मीटर. त्याला ३६.६ ने गुणले की चाकांपाशी ५७८ होतात. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर घेतली तर जमिनीवर पडणारी ओढ सोळाशे किलोंच्या वर जाते. वाटेतल्या घर्षणात काही जाईल, ते सोडून देऊ. खुद्द जीपचे वजन साधारण एक टन. कोरड्या खडकावरसुद्धा टायर आपल्यावरील वजनापेक्षा जास्त ओढ सहसा धरू शकत नाही. ओल्या चिखलात तर वजनाच्या निम्मीही धरणार नाही. म्हणजे उरलेली ओढ जमिनीपर्यंत पोचतच नाही, चाके जागीच फिरतात. १.९७ ची पेटी असली तरी हिशोब तेराशेच्या वर जातो, तोही पुरून उरतो. तेव्हा हलक्या गाडीला मोठ्या गुणोत्तराचा खरा फायदा जोराचा नसून संथपणाचा आहे. चढावर क्लच न जाळता दगडावरून चाक अलगद चढवता येते आणि उतारावर ब्रेकला हात न लावता उतरता येते.

आणि जेथे टायर घसरत नाही, तेथे काय होते? मागच्या हौद्यात ओझे भरले, टायर मोठे घातले, चाक दगडांच्या फटीत अडकले की जमीन सोडत नाही. मग तो सगळा पीळ कोठेतरी तुटून बाहेर पडतो : हाफ शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस किंवा पिनियनचे दाते. मॉडेल १८ बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांनी लिव्हरच्या दांड्यांमध्ये एक छोटी अडकवण ठेवली आहे. पुढची चाके जोडल्याशिवाय ‘लो’ पडतच नाही. पीळ दोन धुऱ्यांत वाटला जावा, एकट्या मागच्या धुरीवर येऊ नये, म्हणून ही सोय. आपल्याकडे काही हौशी मंडळी पेटी उघडली की ही अडकवण काढून टाकतात, कारण अरुंद जागी वळताना मागच्याच दोन चाकांवर ‘लो’ मिळाले तर स्टिअरिंग हलके जाते. रिकाम्या जीपला ते एकवेळ चालेल. ओझ्याच्या गाडीत ती काढणे म्हणजे फ्यूजच्या जागी तार बांधणे होय. कोणत्याही पेटीचे ‘लो’ वाढवण्यापूर्वी तिच्या पुढे असलेल्या धुरीची ताकद पाहिली पाहिजे. निवड इंजिनाकडून चाकाकडे करायची नसते; चाकाकडून मागे इंजिनाकडे यायचे असते.

मजबुतीचा प्रश्न मी मुद्दाम नंतर घेत आहे, कारण बाजारात त्याच्यावरच सगळी चर्चा चालते. मॉडेल १८ मध्ये मधला गिअर एका आडव्या शाफ्टवर फिरतो. युद्धकाळातल्या पेट्यांत हा शाफ्ट पाऊण इंच व्यासाचा होता, नंतर तो सव्वा इंचाला एक अष्टमांश कमी, आणि शेवटी पुरता सव्वा इंच झाला. निवड करता येत असेल तर सव्वा इंची घ्यावी, याबद्दल दुमत नाही. पण जाड शाफ्टची झिजलेली पेटी बारीक शाफ्टच्या चांगल्या पेटीपेक्षा वाईट. शाफ्ट बाहेर काढून तो जेथे बिडात बसतो ती भोके पाहावीत. भोक लांबट झाले असेल तर नवा शाफ्ट घालूनही गिअर सरळ बसणार नाहीत आणि सुईसारखे बारीक रोलर पुन्हा खाल्ले जातील. फ्लँज हाताने मागे-पुढे ढकलून पाहावी. खेळ जास्त असेल तर आधी शिम कमी करून पाहावे, बेअरिंग बदलण्याची घाई करू नये. मुख्य गिअरबॉक्स आणि ही पेटी यांच्यामधली सील गेली की तेल एकातून दुसऱ्यात जाते. एक कोरडी पडते, दुसरी भरून वाहते. म्हणून तेलाची पातळी नेहमी दोन्हींची पाहावी.

मामांच्या जीपला मॉडेल १८ सोडून दुसरी एखादी पेटी बसवावी का? हा प्रश्न तेव्हाही निघाला होता. अमेरिकेत जीपसाठी या घराण्यातल्या आणखी दोन पेट्या आल्या : डाना २० आणि १९८० ते १९८६ या काळातली डाना ३००. दोन्ही बिडाच्या आणि सर्व गिअरांच्या. डाना २० चे जीपमधले ‘लो’ २.०३, तर डाना ३०० चे २.६२. कागदावर ३०० सर्वांत सरस दिसते, आणि गाडी मुळात तिच्यासाठी बनलेली असेल तर ती सरस आहेच. पण मॉडेल १८ मध्ये मागचा शाफ्ट मधून न निघता बाजूने निघतो, आणि म्हणून त्या जीपच्या मागच्या धुरीचा डिफरन्शियलही एका बाजूला असतो. २० आणि ३०० मध्ये मागचा शाफ्ट मधोमध निघतो. तेव्हा पेटी बदलायची तर मागची धुरीही बदलावी लागते आणि पेटीच्या किमतीत धुरीची किंमत मिळवावी लागते. उलट बाजूने पाहा. शाफ्ट सरळ मधून गेल्यामुळे २० आणि ३०० मध्ये ‘हाय’ला शक्ती गिअरांना न शिवता पार जाते, पेटी शांत चालते. मॉडेल १८ मध्ये ‘हाय’लाही ती तीन गिअरांतून फिरून येते, म्हणून जुन्या जीपचा तो ओळखीचा गुणगुणाट. पण त्याच कारणाने मॉडेल १८ च्या पाठीमागे मधोमध जागा मोकळी राहते आणि तेथून पट्टा चालवण्यासाठी किंवा पंप फिरवण्यासाठी शक्ती बाहेर काढता येते. ज्याला शेतावर ते काम आहे, त्याने गुणगुणाट सोसावा.

जोड बसतो की नाही हेही तपासावे लागते. मॉडेल १८ च्याच पेट्यांत गिअरबॉक्सला भिडणारे गोल भोक जुन्यांत तीन इंचांहून किंचित मोठे, तर पुढच्यांत चार इंचांचे आहे. १९८७ पासूनच्या रँग्लर जीपमध्ये पुढचा डिफरन्शियल डाव्या बाजूला गेला. जुन्या सीजेंमध्ये तो उजवीकडे होता. नवी पेटी स्वस्त मिळाली म्हणून आणली आणि तिचे पुढचे तोंड उलट्या बाजूला निघाले, असे झालेले मी पाहिले आहे. दुकानात जाण्यापूर्वी स्वतः गाडीखाली झोपून पाहावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

मोठ्या ट्रकाचे उदाहरणही घेतो, म्हणजे सारखेच उत्तर सर्वत्र लागू पडत नाही हे दिसेल. सत्तरच्या दशकातला शेव्हरोलेचा पाऊण टनी के-२० पिकअप अमेरिकेत अजून पुष्कळ लोक हौसेने सांभाळतात. त्याच्यासाठी मुख्यतः तीन पेट्यांची चर्चा होते. न्यू प्रोसेस २०५ बिडाची, गिअरांची, जड आणि टणक. तिचे ‘लो’ १.९६. न्यू प्रोसेस २०३ साखळीची, मधे स्वतंत्र डिफरन्शियल असलेली, म्हणून डांबरी रस्त्यावरही चारही चाके सतत चालू ठेवता येणारी; ती १९७३ ते १९७९ पर्यंत टिकली. ऐंशीच्या दशकात आलेली २०८ अॅल्युमिनियमची, साखळीची, वजनाने हलकी, गिअर-ऑइलऐवजी पातळ ऑटोमॅटिक तेलावर चालणारी. तिचे ‘लो’ २.६१.

आता समजा, ट्रकाला चार गिअरांचा जड गिअरबॉक्स आहे, पहिला गिअर ६.५५ आणि क्राऊन-पिनियन ४.१०. २०५ पेटी लावून गुणाकार ५२.६ येतो. हा ट्रक मामांच्या जीपपेक्षाही सावकाश चालेल. त्याला २०८ च्या मोठ्या गुणोत्तराची मुळीच गरज नाही, म्हणून टणक २०५ च योग्य. त्याच ट्रकाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असला, पहिला गिअर २.४८, तर २०५ ने अवघे १९.९ मिळतात. चढावर ऑटोमॅटिकचा कन्व्हर्टर पीळ वाढवून ही उणीव भरून काढतो. उतारावर मात्र तो सैल पडतो आणि ट्रक ब्रेकवर येतो. येथे २०८ घेतली तर गुणाकार २६.५ होतो, आणि डोंगराळ भागात राहणाऱ्याने साखळीची भीती सोडून तीच घ्यावी असे माझे मत आहे. साखळी ताणते हे खरे, पण ती एका दिवसात तुटत नाही. आधी आवाज करून सांगते. आणखी एक खोच अशी की २०५ हाच क्रमांक फोर्डच्या ट्रकांतही आढळतो, पण त्यांची पुढची बाजू डावीकडे, शेव्हरोलेची उजवीकडे. आकडा एकच, पेटी वेगळी.

जुन्या जीपवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगून ठेवतो. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर असतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी उतारावर मोकळी असते. पेटीचे बोल्ट सैल करण्यापूर्वी चारही चाकांना ओंडके लावावेत. आणि मॉडेल १८, २०, ३०० किंवा २०५ यांपैकी कोणतीही पेटी असो, कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून चालवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडतात, मधे डिफरन्शियल नसल्यामुळे तो फरक शाफ्टांत पीळ होऊन साठतो आणि मग लिव्हर हाताने सुटत नाही. अशा वेळी हातोडा न मारता गाडी थोडी मागे घ्यावी.

मामांनी पुढे एका जळालेल्या जीपची पेटी मिळवली. या वेळी मिस्त्रींना बरोबर नेले. विकणारा चहा मागवीत होता आणि मिस्त्री जमिनीवर बसून कन्नडमध्ये मोजत होते. चोवीसच्या पुढे गेल्यावर त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. गडी बरा झाला, पण ट्रेलरवर पुन्हा कधी बसला नाही. उतारावर तो जीपच्या पुढे चालत असे, पूर्वी मी चालायचो तसा.

पाऊण इंची शाफ्टची ती मिलिटरी पेटी मामांनी मला देऊन टाकली. ती आमच्या वर्कशॉपच्या खिडकीखाली, वरचे झाकण काढून ठेवलेली आहे. शेजारी खडूचा डबा आहे.